कालकथित ओद्रान

"कोण गेलं, दीपे? घरचं कुनी?" बंकटनं पुन्हा विचारलं.

"न्हाई."

"मंग कावून रडायलीस? उसाच्या फडावरून फोन आलता का?"

"आई-बाबा बरे हायेत. तुमी तुमचं बघा ना, बंकटभौ."

दुकानाचा मालक बंकट मशीनकडं वळला. ही पोरगी चिडली की माऊस आपटते, हे त्याला माहीत होतं. मागच्या महिन्यात एक माऊस असाच गेला होता. पण तालुक्यात तिच्यासारखं फोटो कापणारं दुसरं कुणी नव्हतं. दहा माणसांच्या घोळक्यातून एक पुढारी ती असा अलगद उचलायची की केस न केस सोबत यायचा. म्हणून सतरा वर्षांच्या, नववीत शाळा सोडलेल्या दीपमालेचा राग घाटनांदुरातल्या त्या फ्लेक्सच्या दुकानात सगळेच सांभाळून घ्यायचे.

गेला होता तो ओद्रान. पण ते बंकटला सांगून काय उपयोग?

राखमहल नावाची एक चित्रकथा होती. मोबाईलवर, हिंदीत, दर गुरुवारी नवा भाग. राखेच्या डोंगरावर काळाकुट्ट महाल. त्यात वर्षानुवर्षं न झोपलेली राणी इवोरा, भिंतींतून कुजबुजणारे मेलेले लोक आणि छताला उलटी लटकलेली, माणसाच्या तोंडाची पाखरं. वाचणारे सगळे राणीवर फिदा. दीपमालेचा जीव मात्र दारावरच्या दरवानावर. ताडमाड उंच, चुना फासल्यासारखा पांढरा चेहरा, टाचेपर्यंत काळा झगा आणि हातात लाल काचेचा कंदील. एवढ्या वर्षांत तो एक शब्द बोलला नाही, की मागं वळून त्यानं महालात बघितलं नाही. आत नाचगाणं होऊ दे नाहीतर खून होऊ दे, त्याचं तोंड कायम बाहेर. वादळात कुणी भरकटत आला तर दार किलकिलं करायचा. वाईट मनाचा आला तर नुसता कंदील वर धरायचा. तेवढ्यानंच तो माघारी फिरायचा.

दीपमाला तेरा वर्षांची होती तेव्हा आई सरूबाई आणि बाप नवनाथ ऊसतोडीला गेले आणि तिला शाळेसाठी मागं ठेवलं. शेजारी चुलती होती, पण चुलतीच्या घरात चुलतीचीच माणसं मावत नव्हती. यांच्या दाराची कडी सैल. वारा आला तरी हलायची. ती कडी वाजली की दीपमाला अंथरुणात उठून बसायची. मग ती मोबाईलवर ओद्रानचं चित्र मोठं करायची आणि मोबाईल दाराला टेकवून ठेवायची, तोंड दाराकडं करून. बॅटरी संपेपर्यंत तो उभा राहायचा. आईबाप माघारी येईपर्यंत कुणी दार वाजवलं नाही. चुलतीच्या खोकण्यामुळं असेल. दीपमालेला विचाराल तर ओद्रानमुळं.

शाळा सुटली तीही त्याच्यापायीच. सरांनी मोबाईल पकडला, वर्गासमोर धरला आणि विचारलं, "हे भूत तुझं कोण लागतं गं?" वर्ग हसला. तिनं मोबाईल हिसकावला आणि सरांच्या टेबलावरची पाण्याची बाटली त्यांच्याच हजेरीपटावर उलटी केली. त्यानंतर त्या फाटकातून ती आत गेली नाही.

आणि आता, या गुरुवारच्या भागात, वादळानं महालाचं दार बिजागरीसकट उखडलं. ओद्राननं कंदील खाली ठेवला आणि दाराच्या जागी स्वतः उभा राहिला. झग्याच्या चिंध्या झाल्या, हात झडले, तरी सरकला नाही. उजाडलं तेव्हा उंबऱ्यावर राखेचा एक ढीग होता आणि कंदील जळत होता.

खाली जगभरातल्या लोकांनी काळ्या मेणबत्त्या ठेवल्या होत्या. दीपमालेनंही एक ठेवली. पण मन भरेना. आपल्याकडं माणूस गेलं की काय करतात? फ्लेक्स लावतात.

"बंकटभौ, कडंचा तुकडा घेऊ का? चार बाय सहाचा पडलाय."

"घे की. कातरन तुझंच हाय."

तिनं दुपारभर बसून तो केला. तिच्या बौद्ध वस्तीत माणूस गेलं की कैलासवासी लिहीत नाहीत, कालकथित लिहितात. तिनं तसंच लिहिलं. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'कालकथित ओद्रान, दरवान, राखमहल' आणि त्याखाली 'शोकाकुल: दीपमाला'. मशीननं खर्र खर्र करत आधी कंदील छापला, मग हात, मग तो पांढरा चेहरा. शाई ओली होती तोवर तिनं त्याला कुणाला शिवू दिलं नाही.

आता या दुकानाची एक रीत होती. फ्लेक्स बांधायला जायचे म्हाळूकाका. शिडीवर माकडासारखे चढायचे, पण अक्षराशी त्यांची ओळख नव्हती. म्हणून गुंडाळीला लाल दोरी म्हणजे वाढदिवस, पांढरी म्हणजे श्रद्धांजली. लाल दोरीची गुंडाळी चौकातल्या मोठ्या सांगाड्यावर, पांढरी ज्याच्या त्याच्या गल्लीत.

दीपमालेनं ओद्रानची गुंडाळी केली, पांढरी दोरी हातात घेतली आणि तिला ती बांधता येईना. दोनदा गाठ मारली, दोनदा सोडली. शेवटी लाल दोरी बांधली. त्याच्या कंदिलाचा रंग तरी आहे, असं मनाशी म्हणाली. घरी न्यायची म्हणून गुंडाळी दाराआड उभी केली. तेवढ्यात एक लग्नाचा फ्लेक्स अडकला, दोघांची नावं उलटी झाली, नवरीचा भाऊ येऊन ओरडायला लागला. त्याला दुप्पट आवाजात ओरडून ती तणतणत घरी गेली. गुंडाळी तिथंच राहिली.

सकाळी ती चौकात आली तर तिथं गर्दी.

मोठ्या लोखंडी सांगाड्याच्या मधोमध, आभाळाला ठिगळ लावावं तसा एवढासा ओद्रान लटकत होता. बायाबापड्या थांबून हात जोडत होत्या. एस्टीतून उतरलेल्या एकानं टोपी काढली.

"कुन्या गावचा म्हनायचा ह्यो?" टपरीवरचा एक म्हातारा विचारत होता.

"नाव तर ख्रिश्चनावानी वाटतंय."

"अरं कालकथित लिव्हलंय न्हवं? मंजी आमच्यातला हाय," दुसरा म्हणाला. "तोंड बघ ना कसं पांढरं फटक पडलंय. लई दिस आजारी आसंल बिचारा."

"वळखत व्हतो मी ह्याला," तिसऱ्यानं बिडी विझवली. "परळीला गेटवर व्हता कामाला. लई गरीब मानूस. कुनाच्या अध्यात न्हाई का मध्यात न्हाई."

सांगाड्याच्या पायाशी भाजीचं पाल टाकून बसणारी छबुबाई उठली. तिनं पाटीतली चार झेंडूची फुलं खाली दगडावर ठेवली, त्यांत एक उदबत्ती खोचली आणि पुन्हा जाऊन मेथीच्या जुड्या बांधायला लागली.

दीपमाला खांबाला धरून उभी राहिली. हे खाली उतरवायला हवं, ताबडतोब, हे तिला कळत होतं. कळत होतं आणि पाय हलत नव्हते. कालपासून ती एकटीच रडत होती. आता अख्खं गाव त्याच्यासाठी थांबत होतं. कुणी हसत नव्हतं.

तेवढ्यात दोन मोटारसायकली कचकन थांबल्या. पुढारी विजयसिंह आबांचा कार्यकर्ता सिदू उतरला. गळ्यात आबांच्या फोटोचा बिल्ला. आबांचा आज वाढदिवस, आणि इथूनच रॅली निघायची होती.

"कुनी लावलं बे हे?" सिदू वर बघत ओरडला. "आबाच्या जागी शरदांजली? बंकट कुठंय? बलवा त्याला!"

बंकट पळतच आला, मागं म्हाळूकाका.

"म्हाळू, हे काय केलंस रं?"

"लाल दोरी व्हती, बांधला," म्हाळूकाका म्हणाले.

"आरं, आबाचा आत वाळत पडलाय. आबाचं तोंड वळखत न्हाईस व्हय?"

"मागल्या साली आबाला वाघावर बसिवलतं. त्याच्या आदल्या साली इमानातून फुलं टाकाय लावलती. औंदा झगा घातला आसंल म्हनलं. मला काय म्हाईत?"

टपरीवर कुणीतरी फिसकन हसलं. सिदूचा चेहरा लाल झाला. त्यानं खिशातून पानं कापायची सुरी काढली आणि म्हाळूकाकांची शिडी सांगाड्याला लावली.

"फाडूनच टाकतो."

"हात लावून बघ!" दीपमाला मधे आली. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून, दोन्ही हात पसरून. "लावून बघ फकस्त."

"तू कोन गं?"

"मी छापलाय त्यो. दोरी पन मीच बांधली. म्हाळूकाकाची काय चूक न्हाई."

"तुझा कोन लागतो ह्यो?"

तोच प्रश्न. आणि समोर पुन्हा सगळा वर्ग. जवळ पाण्याची बाटली नव्हती हे सिदूचं नशीब.

"कुनी न्हाई लागत," ती म्हणाली. "त्यो खरा न्हाई. मोबाईलमधल्या गोष्टीतला हाय. चित्रातला. काल मेला."

टपरीवरून हसण्याची लाट आली. परळीच्या गेटवर ओद्रानला ओळखणारा म्हातारा घाईघाईनं बिडी शोधायला लागला. सिदू पोट धरून हसला. "चित्राला शरदांजली! ह्या पोरीला येरवड्याला न्या रं कुनीतरी!"

"ए सिद्या," छबुबाईनं हातातली जुडी खाली ठेवली. "दात काय काढायलास? काय गं पोरी, मेला न्हवं त्यो?"

"मेला."

"कशानं?"

"दार मोडलं व्हतं, मावशी. लोक आत झोपलेले. तर ह्योच दारात उभा ऱ्हायला. रातभर."

छबुबाईनं वर बघितलं. पदरानं कपाळावरचा घाम पुसला.

"मंग झालं की," ती म्हणाली. "हात जोडले त्ये काय वाया न्हाई गेले. सिद्या, ती सुरी खिशात घाल. तुह्या आबाच्या दिवशी मेलेल्या मानसाला फाडतूस? बरं दिसतं का ते? उतरव पोरी, तूच उतरव. नीट सोड."

सिदूनं सुरी मिटली. मेलेल्याचं नाव निघाल्यावर त्यालाही बरं वाटेना. तो बंकटकडं वळला. "आबा यायच्या आत आबाचा लागला पायजे. आन ही पोरगी मला दुकानात दिसली न्हाई पायजे."

"न्हाई दिसनार," बंकट म्हणाला. "ऐकलं का दीपे? उद्यापून येऊ नको." हे तो बोलला सिदूकडं बघत. दीपमालेकडं त्याला बघवलं नाही.

ती शिडी चढली. म्हाळूकाकांनी खालून शिडी धरली. गाठी घट्ट होत्या, एक तर दातानं सोडवावी लागली. ओद्रानचा चेहरा तिच्या चेहऱ्याला लागला. उन्हानं कोमट झाला होता. ती खाली उतरली तेव्हा पलीकडून ताशे वाजायला लागले होते, आणि म्हाळूकाका आबांची भलीमोठी गुंडाळी खांद्यावर घेऊन तिच्या जागी चढत होते.

रॅली जाईपर्यंत ती छबुबाईच्या पालात बसून राहिली. गुंडाळी मांडीवर.

"कुठं लावनार आता?" छबुबाईनं विचारलं.

"घरी."

"घरात मावनार न्हाई तुह्या. तुहं घर बघितलंय मी." छबुबाई जरा घुटमळली. "मह्या न्हाणीला दार न्हाई बघ. पोतं व्हतं, कुजून गेलं. सून आन मी दिस उगवायच्या आत आंघुळ उरकतो. गल्लीतली टोळकी ये-जा करत्यात."

दीपमालेच्या डोक्यात तिडीक गेली. ओद्रान? न्हाणीला? तोंडावर आलेला शब्द तिनं गिळला, कारण छबुबाई तिच्याकडं बघत नव्हती. जुड्यांवर पाणी शिंपडत होती आणि लाजली होती.

दुपारी दोघी छबुबाईच्या घरी गेल्या. मागं तीन बाजूंनी पत्रे आणि चौथी बाजू उघडी. समोर गल्ली. तिथं कट्ट्यावर तिघं पोरं मोबाईल खेळत बसली होती. दीपमालेनं आडवा बांबू बांधला. फ्लेक्स त्यावर टाकला आणि वरची श्रद्धांजलीची पट्टी मागं दुमडून दाभणानं शिवली. खालची कालकथितची ओळ आत मुडपली, तिच्यात दोन विटा घातल्या. अक्षरं सगळी गेली. उरला तो नुसता ओद्रान आणि त्याचा कंदील.

"तोंड आत करायचं का भाईर?" छबुबाईनं विचारलं.

"भाईर," दीपमाला म्हणाली. "त्यो आत बगत न्हाई, मावशी. कधीच."

छबुबाई बादली घेऊन आत गेली. भरदुपारी. कट्ट्यावरच्या पोरांनी वर बघितलं. काळ्या झग्यातला तो पांढरा माणूस कंदील धरून सरळ त्यांच्याकडं बघत होता. एक पोरगा उठला, मग दुसरा. तिसरा चपला हातात घेऊनच गेला.

आतून तांब्या बादलीवर वाजला. वाऱ्यानं झगा थोडा फुगला, पण विटांनी तो धरून ठेवला.