अडीच आटे सैल

"ह्याच्यापरीस माझ्या आज्ज्याची कुऱ्हाड बरी हुती," आमचे मालक श्रीपालअण्णा माझ्या तेलाच्या टाकीला टेकून पुटपुटले. मला ऐकू येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी ते थांबले नसते.

मित्रांनो, मी लाकूड फोडायचं एक जुनं यंत्र आहे. आजऱ्याबाहेर काजूचा एक कारखाना आहे, त्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा मुक्काम असतो. माझ्या पोटात तेल आहे. मोटर सुरू झाली की पंप तेलाला रेटतो, तेल दट्ट्याला रेटतं आणि दट्ट्याच्या टोकाची पोलादी पाचर ओंडक्यात घुसते. माझं शिक्षण एवढंच.

माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरात झाला. अंगावर हिरवा रंग चढला आणि तो वाळायच्या आत मला टेम्पोत घालून आजऱ्याला आणलं. रंगात उमटलेला हमालाचा अंगठा अजून माझ्या पाठीवर आहे. काजू फोडण्याआधी वाफेवर शिजवावा लागतो, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरला लाकूड. माझ्याआधी सहा गडी कुऱ्हाडी घेऊन दिवसभर हेच करत. मी आलो आणि त्यांच्यातले एकटे निसारभाई पुरे झाले.

माझ्या कर्त्यानं मला दोन हँडल दिली होती. दोन्ही एकदम दाबली तरच पाचर पुढे सरकते. त्यात एक शहाणपण होतं. माणसाचे दोन्ही हात हँडलवर असले की पाचरीपुढे एकही उरत नाही. ते शहाणपण तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी निसारभाईंनी सायकलची जुनी ट्यूब आणून डावं हँडल कायमचं दाबून बांधून टाकलं. आता उजवा हात मशीनवर आणि डावा ओंडक्यावर. काम दुपटीनं निघू लागलं. अण्णांनी त्यांची पाठ थोपटली. शेजारचे कारखानदार मुद्दाम ती ट्यूब बघायला आले आणि परत जाऊन त्यांनी आपापल्या मशीनलाही ट्यूब बांधली. बारा वर्षं त्या ट्यूबचं कौतुक माझ्यापेक्षा जास्त झालं.

मला लाकूड आणि बोट यांतला फरक कळत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी निसारभाईंचा डावा हात थरथरू लागला. ते पहिल्यांदा मला कळलं, कारण त्यांचा हात ओंडक्यावर असतो आणि ओंडका माझ्या अंगावर. मग बशीला कळलं. ती कपाखाली वाजायला लागली. अण्णांनी एकदा त्या आवाजाकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून निसारभाईंना चहा स्टीलच्या पेल्यात यायला लागला, तोही अर्धाच. "कपबश्या लई फुटत्यात," अण्णा म्हणाले. एकही फुटली नव्हती. निसारभाईंची बायको ताजबी कारखान्यात काजू सोलायला बसते. दुपारी ती त्यांची भाकरी घेऊन शेडमध्ये येते. तिनं डब्यातून आमटी आणणं बंद केलं. कोरडी भाजी आणू लागली. मे महिन्यात एका गड्यानं विचारलं, "चाचा, थंडी वाजतीय व्हय?" त्यावर कुणी हसलं नाही, आणि त्यानंतर कुणी विचारलंही नाही.

ताजबीनं एकदा माझ्या हँडलची ट्यूब सोडून टाकली होती. निसारभाईंनी ती सगळ्यांदेखत परत बांधली, आणि या वेळी दोन गाठी मारल्या. नवराबायकोत एवढंच बोलणं झालं.

आमच्याकडे खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते. यंत्र ज्याच्या हाताखाली, त्याच्या घरच्यांनी ते पुसायचं, अशी या कारखान्याची रीत आहे. तेव्हा चौदा वर्षं रॉकेलचा बोळा घेऊन मला ताजबीच पुसते, आणि मग अण्णांच्या घरच्या अंजनाताई हळदकुंकू वाहतात. यंदा ताजबीच्या पदराखाली बोळ्याबरोबर नट फिरवायचा एक पानाही होता.

माझ्या कुशीत एक स्क्रू आहे. माझा जोर किती असावा ते तो ठरवतो. चौदा वर्षांपूर्वी मला बसवायला आलेल्या फिटरनं निसारभाईंना सांगितलं होतं, "आत फिरवला की जोर वाढतो, बाहेर काढला की कमी हुतो. पर ह्याला हात लावायचा न्हाय." तेव्हा ताजबी डबा घेऊन शेजारी उभी होती. तिला कुणी काही सांगत नव्हतं, म्हणून तिनं सगळं ऐकलं. यंदा तिनं नट सैल केला, स्क्रू अडीच आटे बाहेर काढला, नट पुन्हा आवळला आणि वरून बोळा फिरवला. मला म्हणाली, "बस आता गप."

मी गप बसलो. निलगिरी फुटायची, पण आंब्याची गाठ आली की पाचर अर्ध्यात अडकायची आणि मी नुसता कण्हायचो. गडी पुन्हा कुऱ्हाडी शोधू लागले. बॉयलरची वाफ उतरली. सगळा कारखाना मला शिव्या देत होता आणि ताजबी महिनाभर दुपारची भाकरी पोटभर जेवत होती. तिला मी बिघडलेलाच हवा होतो.

शेवटी अण्णांनी उद्यमनगरातून पृथ्वीराज मिस्त्रीला बोलावलं.

"या पावणं," निसारभाई म्हणाले. "म्हातारं झालंय आमचं मशीन."

"मशीन म्हातारं हुत न्हाय, चाचा. त्याचं तेल म्हातारं हुतंय," मिस्त्री म्हणाला आणि त्यानं माझ्या टाकीत पट्टी बुडवली.

तेल भरपूर होतं. त्यानं ते दोन बोटांत चोळलं, हुंगलं, उन्हात धरून बघितलं. पाणी मिसळलं की तेल ताकासारखं दिसतं, माझं तसं नव्हतं. मग त्यानं गाळणी काढून डिझेलमध्ये धुतली. तिच्यातला गाळ बघून अण्णांना बरं वाटलं, कारण बिघाड सापडला असं त्यांना वाटलं. मशीन सुरू केलं. आंब्याच्या गाठीत पाचर तशीच अडकली.

ताजबी चहाची किटली घेऊन आली होती. चहा देऊन झाला तरी ती गेली नाही.

मिस्त्रीनं तेल ओढणाऱ्या पाइपाची क्लिप आवळली. मोटर आणि पंप यांच्यामधला जोड हलवून बघितला. पंपाला कान लावला. सगळं ठीक होतं.

"नवीन पंपच टाकू या की," अण्णा म्हणाले.

"अण्णा, डॉक्टरनं नाडी धरायच्या आधीच किडनी बदला म्हणतासा व्हय? थांबा जरा."

त्यानं पिशवीतून दाब मोजायचा काटा काढून माझ्या पाइपाला जोडला आणि दट्ट्या शेवटापर्यंत नेऊन दाबून धरला. काटा साठावर थांबला.

"दीडशे पायजेल. तेल मधनंच परत टाकीत पळतंय." तो वाकून माझ्या कुशीत बघू लागला. "कोण आलतं व्हय दुसरं मिस्त्री?"

"न्हाय बा."

"मग नटावर पान्याचं हे ताजं ओरखडं कशानं आलं? आन हे बघा. सगळं मशीन काळं पडलंय, पर स्क्रूचं हे आटे चकाचक. आत हुते, ते बाहेर आल्यात. आन त्यांच्यात कुंकू बसलंय." त्यानं नखानं ते कोरून दाखवलं. "पूजेच्या आधीच कुणीतरी सैल केलाय."

पूजेच्या आधी मला कोण पुसतं, हे त्या शेडमध्ये मिस्त्री सोडून सगळ्यांना माहीत होतं. कुणी तिच्याकडे बघितलं नाही. ते बघणं टाळणंच इतकं मोठं झालं, की ताजबीनं किटली खाली ठेवली.

"मी केला," ती म्हणाली. "अडीच आटे."

"का ओ भाभी?" अण्णांनी विचारलं.

"लई तापत हुतं."

"व्हय व्हय," अण्णा घाईनं म्हणाले. "यंदा ऊन लईच हुतं." खंडेनवमीच्या आठवड्यात आजऱ्यात धो धो पाऊस होता.

निसारभाई बायकोकडे बघत होते. तेवढे एकटेच.

मिस्त्रीनं खांदे उडवले आणि स्क्रू अडीच आटे आत घेतला. काटा उठला, शंभर, सव्वाशे, दीडशे. चौदा वर्षांपूर्वीचा जोर माझ्या अंगात परत आला. एरवी मला त्याचा आनंद झाला असता.

"ठेवा चाचा एक वंडका. गाठीचाच ठेवा, म्हंजे कळंल."

निसारभाईंनी आंब्याचा ओंडका माझ्यावर ठेवला. सवयीनं डावा हात त्याच्यावर, उजवा हँडलवर. डाव्या हाताखाली सालीचा भुगा भुरभुर गळायला लागला. मिस्त्रीची नजर ट्यूबवरच्या दोन गाठींवर गेली, तिथून हातावर आली. त्यानं तोंड उघडलं, शेडमधल्या सगळ्यांकडे बघितलं आणि मिटलं. अण्णा दाबाच्या काट्याकडे बघत राहिले. तो कधीचाच स्थिर झाला होता. ताजबीनं पदराचं टोक मुठीत धरलं.

मित्रांनो, यंत्रानं आपली गोष्ट सांगितली की शेवटी दोन शब्द सांगायचे असतात. ते मी इथंच सांगतो, पुढं जमेल असं वाटत नाही. माझं तेल वेळेवर बदला. गाळणी धुवा. मला ज्यानं दोन हँडल दिली, त्याला येडा समजू नका. माझ्यावर ज्याचा हात असतो, त्याच्या हाताकडेही अधूनमधून बघत जा. आणि काही दिसलंच तर चहा अर्धा भरून देऊ नका. बोला. मला बोलता येत नाही, म्हणून हे तुमच्यावर सोपवतो.

मोटर चालू होती. पाचर वीतभर लांब होती. निसारभाईंचा उजवा हात हँडलवर नुसता ठेवलेला होता.

मग तो उचलला गेला. त्यांनी मोटर बंद केली. शेड एकाएकी इतकं शांत झालं, की ओंडक्यावर बोटं वाजत होती ती सगळ्यांना ऐकू आली. त्यांनी तो डावा हात उचलून सगळ्यांसमोर धरला, दुसऱ्याच कुणाचातरी असल्यागत.

"मशीनला काय झालं नव्हतं, अण्णा," ते म्हणाले. "हात थरथरतोय माझा."