कौसल्याच्या दाराची कडी

मी दाराची कडी. लोखंडाची म्हणून तुम्ही मला धीट समजत असाल, पण इंदापूरच्या लोहारानं ऐरणीवर ठेवलं तेव्हापासून मी घाबरटच आहे.

कळंबला जोतीराम नावाच्या माळवं-भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी, बाळंतिणीच्या खोलीला मला आतून बसवलं होतं. त्याची बायको कौसल्या दुसऱ्यांदा बाळंत झाली होती. पहिलं लेकरू पाचवी पुजली त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेलं होतं. त्यामुळे या खेपेला पाचवीच्या संध्याकाळी, बाळाच्या कपाळी नशीब लिहायला सटवाई येणार म्हणून घरात पूजेची तयारी चालली, तेव्हा तिनं मला आतून लावून घेतलं.

"तिला आत येऊ द्यायची न्हाय," एवढंच ती म्हणत राहिली. तिची बोटं माझ्यावर थरथरत होती.

घरच्यांनी दार उचकटलं. सासूनं, द्वारकाबाईनं, पोर काढून घेतली आणि मला उपटून बाहेरून ठोकायला लावलं. कौसल्या आतून दार हलवायची आणि मी खणखणायचे. हे लोक एक दिवस मला काढायचंच विसरतील, या भीतीनं माझा जीव अर्धा व्हायचा.

शेवटी तिला पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं ठरलं. त्यासाठी डॉक्टरनं लिहून द्यावं लागतं, म्हणून जोतीराम बारामतीहून डॉक्टर रणपिसे यांना घेऊन आला. विलायतेत शिकलेले, मनाच्या दुखण्याचे डॉक्टर. अंगणात बूट वाजले तशी मी गारठलेच.

त्यांनी मला काढलं, पण दार ढकललं नाही. थाप मारून विचारलं, "आत येऊ का?"

"न्हाय," आतून आवाज आला.

"बरं, मग मी इथंच बसतो." ते उंबऱ्याशी खाली बसले. द्वारकाबाई गाऱ्हाणं सांगायला लागली, तर म्हणाले, "आजी, आधी त्यांचं ऐकू द्या." डॉक्टरांचा चहा निवून गेला. मग त्यांनी दाराला विचारावं तसं विचारलं, "बाई, तुम्हाला काय हवंय?"

"कडी आतनं पायजे. आन माझी लेक."

"आतनं लावून जिवाचं काय करून घेतलं म्हंजी?" जोतीराम म्हणाला. मलाही तेच वाटत होतं.

"भीती मलाही आहे," डॉक्टर म्हणाले. "मोठ्या इस्पितळात मी वर्षानुवर्षं बाहेरून कड्या लावलेली दारं पाहिली. आतल्या माणसाची भीती त्यानं वाढतच गेली." मग ते कौसल्याला म्हणाले, "गोळ्या देतो, त्या घ्यायच्या. कडी आतून बसवू, पण हाक आली की ओ द्यायची. लेक आजीच्या मांडीवर, तुमच्या समोर. चालेल?"

"व्हय."

पुण्याचं त्यांनी लिहून दिलं नाही. जोतीरामनं मला पुन्हा आत ठोकलं.

पहिल्याच संध्याकाळी तिनं मला लावलं. द्वारकाबाईनं हाक मारली. पुन्हा हाक मारली. जोतीरामनं पहार उचलली.

"ओ," कौसल्या म्हणाली. "हाय मी."

डॉक्टर अजून महिन्याच्या महिन्याला येतात आणि थाप मारूनच विचारतात. कौसल्या भाकरी थापते, मळ्यात जाते. एखाद्या संध्याकाळी मात्र मला लावून बसते, आणि तिची ओ येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो. तरी माझं मागणं एवढंच, की मला परत बाहेरून ठोकू नका. थाप मारा आणि थांबा.

आताही थाप पडलीय, पण अगदी खाली आणि हलकी. तिची लेक आता बोलायला लागलीय.

"आये, आत येऊ का?"

कौसल्या दाराशी आलीय. मला भीती वाटतेय. आता तिची बोटं माझ्यावर आलीत. ती थरथरत नाहीत.