बोंड्या कापसावर बसतो

मी एक जुना कुत्रा आहे. म्हातारा म्हणू नका, मित्रांनो, मला तो शब्द आवडत नाही. माणसं जुन्या बंडीला म्हातारी म्हणत नाहीत, तिच्या चाकाला वंगण घालतात आणि जुंपतात. मलाही तसंच वाटतं.

माझं गाव बाभुळगावजवळ आहे. मी पिल्लू असताना मारोतरावांना कापसाच्या बंडीखाली कुँ कुँ करत सापडलो. अंगानं काळा कुळकुळीत आणि शेपटीचं टोक मात्र फुटलेल्या बोंडासारखं पांढरं, म्हणून नाव पडलं बोंड्या. मोठा झालो तशी शेताची राखण माझ्याकडे आली. रानडुकरं असोत की रोही, माझा आवाज ऐकला की धूम ठोकत. घरात कापूस येऊन पडला की रात्रंदिवस मी दारात. पण मारोतरावांचा नियम कडक होता, कापसावर कुत्रं चढायचं नाही. तो नियम मी कधी मोडला नाही. लोकही म्हणत, "कुत्रं असावं त मारोतरावाच्या बोंड्यासारखं." तेव्हा माझी मान ताठ होई.

आता मागचे पाय कुरकुरतात. मला येणाऱ्या हाका कमी झाल्या, भाकरी मात्र वेळेवर मिळते. पण शरद ऋतू आला, आभाळ निळंभोर झालं, कापसाची बोंडं फुटली, की माझं मन अंगणात ठरत नाही. यंदा पहिल्या वेचणीच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी दारात उभा होतो.

मारोतरावांची नात शाल्मली म्हणाली, "आबाजी, बोंड्यालेबी नेऊ नं. तो दरसाल येते."

"त्याले कायले नेतं? अर्ध्या वाटेत बसन तो. मग उचलून कोण आणन?"

"मी आणीन नं!"

"हातभर पोरगी, अन् कुत्रं उचलते म्हणे!"

शाल्मलीची आई कुंदाबाई हसल्या. मला आत कोंडून त्यांनी बाहेरून कडी लावली, आणि सगळे पायीच निघून गेले. मित्रांनो, मला रडू आलं. एकदा घरी राहिलेल्या कुत्र्याला पुढच्या वर्षी कोणी विचारत नाही, हे मला ठाऊक होतं.

थोड्या वेळानं कडी वाजली. शाल्मली धापा टाकत उभी! आमच्याकडे पहिल्या वेचणीला सीतादही करतात. शेतात सात गोटे मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याशिवाय कोणी बोंडाला हात लावत नाही. आणि दहीभाताचा डबाच चुलीजवळ राहिला होता.

"तुयापायीच इसरली मी डबा," ती मला रागावली. मग दार उघडंच ठेवून म्हणाली, "चाल लवकर!"

मी कसा चाललो म्हणून सांगू! शेतात पोचलो तर वेचणाऱ्या बाया कापसासाठी कमरेला रिकाम्या ओट्या बांधून ताटकळलेल्या.

मारोतराव ओरडले, "डबा आणाले धाडलं, अन् हे कोण आणलं?"

"डब्याले राखण पाहिजे होती, आबाजी."

बाया खो खो हसल्या. आबाजी मिशीत हसले, ते मी बरोबर पाहिलं. पूजा झाली, आणि प्रसादाचा एक घास त्यांनी माझ्यासमोरही ठेवला.

मग काय विचारता! सोयाबीनच्या कुटाराचा ढीग होता. शाल्मलीनं त्यात उडी घेतली, तिच्यामागं मी. नाकातोंडात कुटार गेलं, दोघंही शिंकलो. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पिकलेलं सीताफळ मिळालं, गर तिनं खाल्ला, हात मी चाटले. अंगभर कुसळं अडकली ती कुंदाबाई जेवणाच्या सुट्टीत एकेक काढत बसल्या. ऊन तापलं तेव्हा निंबाखाली झोपलो. इतका आनंद मला पिल्लू असतानाही झाला नव्हता.

संध्याकाळी बंडी आली, कापूस भरला, सगळे निघाले. आणि माझे पाय उठेनात. शाल्मलीनं मला कवेत घेऊन पाहिलं, पण माझं अर्धं अंग खालीच राहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आबाजींचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि माझी ही शेवटचीच वेचणी होती असं मला वाटलं.

मारोतरावांनी बैल थांबवले. खांद्यावरचा दुपट्टा काढला, कापसावर अंथरला आणि मला उचलून त्यावर ठेवलं.

शाल्मली पाहतच राहिली. "आबाजी, कापसावर कुत्रं?"

"ज्यानं जनमभर राखला, त्यानं एकडाव बसून त पाहावं," ते म्हणाले. "पुढच्या साली जातानाबी बंडीच जुपू."

किती मऊ असतो हो कापूस! इतकी वर्षं राखला, पण मला ते माहीतच नव्हतं. गावापर्यंत माझी शेपटी थांबली नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा जुना कुत्रा असेल. फिरायला निघाल तेव्हा त्यालाही बोलवा, थोडं हळू चाला. घरातून निघताना डबा विसरलात तरी चालेल, त्याच्या दाराची कडी काढायला विसरू नका.