पिंपाचा वास घेणारी

थोरल्या सुनेच्या हातांचा वास साबणाच्या बापानेही निघाला नसता. जाळ्यात मेलेली शार्क आली की मासेमार ती तिच्या दारात आणून टाकत. थोरली ते मांस पिंपात भरायची, झाकण दाबून बसवायची आणि मनसोक्त सडू द्यायची. मग गाळून बाटल्या भरायच्या. शिंपले काढायला उतरणारे पाणबुडे कमरेला अशी एक बाटली बांधत. शार्क अंगावर येऊ लागली की बूच काढायचं. आपल्याच जातीचं मढं कुजल्याचा दर्प आला की ती पाठ फिरवते. माणूस वाचतो आणि शार्कही वाचते. फक्त पिंप तयार झालं की नाही, हे रंगावरून कळत नाही. त्याला नाक लागतं, आणि ते काम पहिल्यापासून थोरलीच्या गळ्यात पडलेलं.

आता ते नाक गेलं होतं. तापातून उठली तेव्हा चहालाही वास नव्हता. येईल परत, म्हणून ती गप्प बसली. नाक काही परत आलं नाही. त्यानंतरची दोन पिंपं तिने अंदाजपंचे गाळली.

आज दुपारी शेजारचा पाणबुड्या रिकामी बाटली घेऊन आला.

"वहिनी, तुमच्या बाटलीला शार्कनं भीक घातली नाही हो! सर्दी झाली असेल तिला."

तो हसत होता, पण त्याच्या काखेतला, पोहताना पायात घालायचा रबरी पंखा अर्धा फाटला होता. उद्या सकाळी थोरलीचा नवरा उतरणार होता, त्याच पिंपातली बाटली घेऊन.

ती पायरीवर बसून राहिली. इतकी दमली होती की भीतीसुद्धा धड वाटेना. सांगितलं तर सगळे तोंडात शेण घालतील. नाही सांगितलं तर नवरा जाईल. शेवटी ती उठली आणि सासूबाईंकडे गेली. सासूबाई म्हणजे नाकाने कांदे सोलणाऱ्या. पिंपांच्या शेडमध्ये त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि जेवताना सुनेला त्या दाराशी बसवायच्या.

"आई, जरा शेडमध्ये येता?"

"मी? त्या नरकात?"

"मला वास येत नाही, आई. तापापासून."

सासूबाईंनी हातातली सुरी खाली ठेवली. "परवा दूध करपलं, तेव्हा तू शेगडीसमोर उभी होतीस. मला वाटलं, मला जळवायला मुद्दाम करतेस."

त्या आल्या. ज्यातून बाटल्या भरल्या होत्या, त्या पिंपाचं झाकण थोरलीने काढलं. सासूबाईंनी नाक पुढे केलं.

"ह्यात काय आहे? मासळीच्या टोपलीला याहून जास्त वास असतो."

थोरलीने माळ्यावरून तापाच्या आधीची एक उरलेली बाटली काढली आणि बूच उघडलं. सासूबाई बाहेर धावल्या, भिंत धरून ओकल्या. थोरली त्यांची पाठ चोळत राहिली.

"हे तू रोज हुंगत होतीस?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

"रोज. तोंड पिंपात घालून. वरवर हुंगून कळत नाही."

तेवढ्यात उद्यासाठी बाटली बांधायचा पट्टा खांद्यावर टाकून नवरा आला.

"उद्या कोणी उतरायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "बाटल्या फुसक्या आहेत."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. आजपासून पिंपाचा वास मी घेणार."

तो हसायला लागला, मग आईचा चेहरा बघून थांबला. पट्टा तिथेच टाकून तो बाकीच्यांना सांगायला गेला.

थोरलीला रडू फुटलं. "आई, नाक गेलं तेव्हा मला बरं वाटलं. सुटले, असं वाटलं. म्हणून बोलले नाही. तो पाण्यात उतरत होता, आणि मी बोलले नाही."

 सासूबाई शेडमध्ये गेल्या आणि फुसक्या पिंपावर झाकण दाबून बसवू लागल्या.

"हे तयार झालं, असं कधी समजायचं?"

"आज ओकलात तशा ओकाल," थोरली म्हणाली, "तेव्हा."