लाल दोऱ्याच्या पलीकडे

टेलर मास्तरांनी खडूची रेघ कापडाच्या मध्यावर थांबवली आणि खडू कानावर खोचला.

"झालं आखून."

"बाबा, लाल दोरा," लेक म्हणाली.

त्यांनी मान डावीकडे वळवत नेली, तेव्हा कुठे टेबलाच्या कडेला तिने चिकटवलेला दोरा दिसला, आणि अलीकडचं निम्मं कोरं कापडही. त्यांनी कानावरचा खडू पुन्हा काढला.

डोळे ठणठणीत होते. दुखण्यात मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली होती, आणि डावी बाजू म्हणून काही असतं हेच त्यांच्या ध्यानात राहत नव्हतं. ताटातलं डावीकडचं तसंच राही, दाढी अर्धीच होई, आणि वर "कोशिंबीर वाढली नाहीस" म्हणून रुसत. दुखण्यानंतरचा हा पहिलाच कोट, जुन्या गिऱ्हाइकाचा, हेडमास्तरांचा. "हा बिघडला, तर कात्री कायमची ठेवली," असं मास्तरांनी लेकीला बजावलं होतं.

कोट झाला म्हणून त्यांनी घडी घातली, तेव्हा डावी बाही नुसत्या कच्च्या टाक्यांवर लोंबत होती. दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर लेकीने ती गुपचूप पक्की केली.

संध्याकाळी हेडमास्तरांनी कोट घातला. दोन्ही खांदे चापून बसले. लेकीचा जीव भांड्यात पडला.

"काढा जरा," मास्तर म्हणाले.

गिऱ्हाइकाला देण्याआधी कोट आतून बाहेर उलटा करून अस्तराची हातशिलाई चाचपायची, ही त्यांची जुनी खोड. ती नेमकी लेक विसरली होती. कोट उलटला, तशी डावीकडची बाही उजवीकडे आली. त्यांचं बोट काखेपाशी थांबलं.

"हा टाका माझा नाही."

तिने मान खाली घातली. हेडमास्तर उगाच रस्त्याकडे पाहू लागले.

मास्तर नखाने टाके मोजत राहिले. मग ताठ बसले.

"लेकीचा हात आहे हा, सर. इतका बारीक टाका मला उभ्या जन्मात जमला नाही." त्यांना केवढा अभिमान वाटत होता, ते आवाजातच कळत होतं.

हेडमास्तर कोट घेऊन गेले. मास्तरांनी शेजारचं स्टूल ओढलं, मान वळवत वळवत लाल दोरा शोधला आणि स्टूल त्याच्या पलीकडे ठेवलं.

"उद्यापासून इथे बसायचं. चोरून नाही."

ती बसली. त्यांची मान पुन्हा समोर आली, आणि लेक त्यांना दिसेनाशी झाली.

"आहेस ना?"

"आहे, बाबा."

त्यांनी पुढचं कापड उलगडलं आणि कात्री उचलली.