पाकिटावरची नोंद

“दिवा नको लावूस,” कंडक्टरबाई सुनेला म्हणाल्या. “नोटा ओळखायला मला उजेड कधीपासून लागायला लागला?”

उजव्या डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी होती आणि डाव्याला सगळं धूसरच दिसायचं. दवाखान्यातून घरी येऊन अर्धा तास झाला नव्हता, तोवर बाईंनी कपाटापुढे स्टूल ओढून पत्र्याचा चपटा डबा मांडीवर घेतला होता.

तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडताना कुठली नोट किती जुनी, खरी की खोटी, हे त्यांना अंगठ्याने कळायचं. एखादी मनात भरली की तिच्या बदल्यात आपली नोट पिशवीत टाकून त्या ती घरी आणत. डबा कायम मधल्या फळीवर, कारण मागच्या भिंतीला वरच्या बिऱ्हाडाच्या न्हाणीघराची ओल यायची. डब्याच्या कोपऱ्यांत ओल शोषायला खडूचे तुकडे. प्रत्येक नोटेला स्वतः घडी घालून केलेलं पातळ कागदाचं पाकीट आणि पाकिटावर पेन्सिलीने नोंद: ‘टाचणीचं भोक, बँकेची कृपा.’ ‘तान्ह्या पोरीने चावली, आई लाजली.’ नोटेवर काय काय गुदरलं ते सगळं बाई लिहून ठेवत. हात धुतल्याशिवाय डब्याला शिवायची घरात कुणाची छाती नव्हती.

आज बोटं घसरली. वरची वस्तू गुळगुळीत होती, कडक होती, कडेला टोचत होती. तिच्याखाली आणखी एक. मग आणखी.

“हे काय आहे?”

मुलगा दारातच उभा होता. तीन दिवस पोटात ठेवलेलं गुपित सांगायला तो उतावीळ झाला होता. “लॅमिनेशन केलं, आई. नऊ झाल्या. आता पाण्यात बुडवल्या तरी काही होणार नाही. उरलेल्या दुकानदार उद्या करून देतोय.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज चढला नाही, बसमध्येही कधी चढत नसे.

“उद्या तू ह्या कपाटाला हात लावून दाखव.” त्यांनी कपाटाची किल्ली काढली आणि मुठीत धरली.

“अगं, गेल्या वर्षी वरून गळलं तेव्हा दोन दिवस जेवली नव्हतीस तू. म्हणून केलं.”

“मला विचारलंस?”

मुलाने खिशातून मोबाइल काढला. मग काही उपाय निघेल म्हणून त्याने शेजारच्या गल्लीतल्या मास्तरांना फोन लावला. त्यांनाही नोटांचाच नाद. फोनचा स्पीकर लावून त्याने सगळं सांगितलं.

“प्लास्टिक आता निघत नाही,” मास्तर म्हणाले. “ओढायला गेलात तर नोटेचं सालपट निघेल. माझं ऐका बाई, त्या नऊ काढून टाका. उरलेल्या संग्रहाची शान तरी राहील.”

“मास्तर, कपडे बघून मी कधी कुणाला बसमधून उतरवलं नाही,” बाई म्हणाल्या. “ह्यांनाही उतरवणार नाही. ठेवा फोन.”

“मग ठेवणार कुठे?” सुनेने हळूच विचारलं. “जुन्या पाकिटांत मावत नाहीत त्या.”

“कागद आण.”

बाईंनी न बघता नऊ मोठी पाकिटं घडी घालून केली. एकाचीही कड वाकडी गेली नाही. मग पेन्सिल मुलासमोर धरली. “मला अक्षर दिसत नाही. तू लिही. आधी जुनी नोंद उतरव. तिच्याखाली लिही, प्लास्टिक केलं. लेकाने. आईला न विचारता.”

पेन्सिल थबकली. “हेही लिहायचं?”

“बँकेचं लिहिलं, चावणाऱ्या पोरीचं लिहिलं. तू काय आभाळातून पडलास? लिही.”

तो लिहीत राहिला. चाळीशी उलटलेला माणूस, शाळेत शिक्षा झाल्यासारखा मान खाली घालून. बाई एकेक पाकीट हातात घेऊन डब्यात ठेवत होत्या. शेवटच्या पाकिटाला वेळ लागला.

“काय लिहितोयस एवढं? वाच.”

त्याने पाकीट उचलून धरलं. “तान्ह्या पोरीने चावली, आई लाजली. प्लास्टिक केलं. लेकाने. आईला न विचारता.” मग त्याने स्वतः घातलेली ओळ वाचली. “पाणी लागू नये म्हणून.”

सुनेने बाईंकडे पाहिलं. खोडरबर मागतील असं तिला वाटलं.

“असू दे,” बाई म्हणाल्या. “खरं आहे ते.”

त्यांनी ते पाकीट घेतलं, पण लगेच आत ठेवलं नाही. नोट अर्धी बाहेर ओढून त्यांनी तिच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. दोन इवल्या दातांच्या खुणा तिथेच होत्या. अंगठा पुन्हा पुन्हा फिरला, पण गुळगुळीत प्लास्टिकशिवाय त्याला काही लागलं नाही. मग बाईंनी नोट पाकिटात सारली, डबा मधल्या फळीवर ठेवला आणि कपाटाला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.