झाकणाला फट असलेले डबे

“भैया, नाम बडा डालना. दूर से दिखना चाहिए.”

दुकानदाराने यंत्राची सुई डब्याच्या पोटाला टेकवली. टर्रर्र आवाज करत ‘सौ. प्रेमला खानझोडे’ उमटलं. असे पन्नास स्टीलचे डबे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळातल्या बायका प्रेमलाबाईंच्या वाणाची वाट बघायच्या, ही इतक्या वर्षांची रीत होती.

यंदा मात्र अनुश्रीने मंडळात वेगळंच काढलं होतं. रायपूर राजधानी झाल्यापासून वस्तीमागच्या साजा-कौह्याच्या, म्हणजे ऐन-अर्जुनाच्या, रानावर बिल्डरांचा डोळा होता. आता तिथे प्लॉट पडणार होते. कोर्टात जायचं तर वकिलाची फी हवी. “वाण नकोच, त्याचे पैसे रानाला देऊ,” अनुश्री म्हणाली आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. परवा लग्न होऊन आलेली पोट्टी! प्रेमलाबाईंनी त्या रानात कितीतरी उन्हाळे चारं-टेंभरं, असली रानफळं वेचली होती. मग हे आपल्याला का सुचलं नाही? घास गिळतानासुद्धा तेच खुपायचं.

डब्यांची थप्पी बघून नवऱ्याने, निरंजनरावांनी, चष्मा काढला. “तुले रान वाचवायचं हाये का अनुश्रीले हरवायचं हाये?”

“दोन्ही,” प्रेमलाबाई म्हणाल्या.

हळदीकुंकवाला बायका आल्या, पण डबा हातात घेताना अवघडल्या. “काकू, वाण नाही द्यायचं ठरलं होतं ना...” म्हणत एकेकीने तो दिवाणावरच ठेवला. प्रेमलाबाईंचे कान तापले. शेवटी अनुश्री आली. तिने डबा उचलला, उलटसुलट करून पाहिला.

“काकू, ये तो कमाल है! ढक्कन में फट करवा लेते हैं. दुकानों में रखेंगे, जंगल के चंदे के लिए.”

बायका एकदम मोकळ्या झाल्या. प्रेमलाबाईंना नाही म्हणता येईना. आतून मात्र बरंही वाटलं. शंकर नगर, चौबे कॉलोनी, पार बीरगांवपर्यंत आपलं नाव जाणार. अनुश्रीचं कुठे होतं?

आठवड्याने त्या मुद्दाम जिरं आणायला नत्थूच्या किराणा दुकानात गेल्या. डबा गल्ल्याजवळ होता. पुढच्या बाजूला झाडाचं रंगीत चित्र चिकटवलेलं, नाव भिंतीकडे. त्यांनी हळूच डबा फिरवला. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतात तर नाव परत भिंतीकडे.

“नत्थू, डबा काहून फिरवून राहिला रे?”

“दीदी, नाम देख के लोग समझते हैं, कोई घर का डब्बा भूल गया. पेड दिखता है तो पूछते हैं. फिर डालते हैं.”

“अन् चित्र कोणं काढलं?”

“अनुश्री दीदी ने.”

“कौह्याची साल पांढरी राहते. हिनं काळी रंगवली,” प्रेमलाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात कारखान्याच्या पाळीवरून सुटलेला एक माणूस आला. बिस्किटाचा पुडा घेता घेता त्याने चित्राकडे बोट केलं. “ये कौन सा पेड है?”

नत्थूने सांगायला तोंड उघडलं, पण प्रेमलाबाईच बोलल्या, “कौहा. हमारे पीछे के जंगल का. काटने वाले हैं.”

माणसाने सुटे पैसे फटीतून आत टाकले. त्याच्या कोपराचा धक्का लागला आणि डबा फिरला. नाव पुढे आलं, ठसठशीत, दुरून दिसेल असं.

माणूस गेला. नत्थू आत जिरं तोलत होता. प्रेमलाबाईंनी पदराच्या टोकाने नावावरचं पीठ पुसलं, आणि डबा फिरवून झाड पुढे केलं.